बांधलेल्या तोंडाची बाहुली

माझ्या एकाही बाहुलीला नाक नव्हतं. डोळे काजळाचे, तोंड लाल दोऱ्याच्या दोन टाक्यांचं, केस काळ्या सुताचे. नाक मात्र मला कधी जमलं नाही. चिंधीची गोळी करून टाचायला गेलं की बाहुली पडसं झाल्यासारखी दिसायची. म्हणून आमचं सगळं बाहुल्यांचं कुटुंब बिननाकाचंच वाढलं, आणि त्यावाचून कुणाचं काही अडलं नाही.

हाडं ज्वारीच्या धाटाची. हे सांगायला सोपं वाटतं, पण त्या वर्षी कडबा माणसांपेक्षा जास्त जपला जात होता. एकेक पेंढी मोजून बैलापुढं पडायची. मी बैलाच्या तोंडापुढून धाट ओढून घ्यायचे आणि तो माझ्याकडं असा बघायचा की मला अजून त्याची लाज वाटते. मांस चिंध्यांचं. त्या दिंद्रुडच्या बाजारातून यायच्या. तिथं पत्र्याच्या सावलीत एक शिंपी चाचा मशीन घेऊन बसायचे. माझी आत्या त्यांच्याकडून पोलकी शिवून घ्यायची. चाचा मशीनखाली पडलेले तुकडे आठवडाभर एका पिशवीत साठवून ठेवायचे आणि मी दिसले की ती पिशवी माझ्यापुढं उपडी करायचे. "ले बेटी, तेरी गुडिया का बाजार." त्यात कधी साटीनचा तुकडा निघाला तर मी रस्ताभर तो गालाला लावून चालायचे. ह्या माणसाचे माझ्यावर किती उपकार आहेत हे त्यांना कधी कळलंही नसेल.

मी पुढं तीस वर्षं अंगणवाडी चालवली. प्रशिक्षणाला आम्हाला बीडला बोलवायचे. एकदा तिथं एक बाई हातात बाहुली धरून सांगत होत्या की मूल तोंडानं जे सांगत नाही ते बाहुलीकडून सांगतं. आम्ही सगळ्या माना खाली घालून वहीत उतरवून घेत होतो. शेजारच्या गावच्या सेविकेनं मला कोपर मारून हळूच विचारलं, "खरं असतंय का ओ हे?" मी म्हटलं, "माझ्यापुरतं तर हाय." तेवढ्यात चहा आला आणि बोलणं तिथंच राहिलं. चहापुढं आम्हा बायकांचं काही चालत नाही. ते राहिलेलं बोलणं आता लिहिते आहे.

मी तिसरीत होते. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. विहिरीच्या तळाला उतरून बायका वाटीवाटीनं पाणी भरायच्या. पुढं तेही संपलं आणि टँकर सुरू झाला. टँकर आला की गावात जी धावाधाव व्हायची तिच्यात मी दोनदा पडले आणि एकदा घागर फुटली म्हणून मारही खाल्ला. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन जागच्या जागी वाळली. तेव्हा गावातल्या बऱ्याच घरांप्रमाणे माझे आई-वडीलही ऊस तोडायला जायला तयार झाले. कारखाना सहकारी होता, दूरच्या जिल्ह्यात, जिथं कालव्याला पाणी होतं. आमच्याकडे कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे; ऊस तोडायला जाणारी नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम गावात येऊन विचारायचा, यंदा किती कोयते निघत्यात? माझे आई-वडील त्या वर्षी पहिल्यांदा कोयता झाले.

माझा भाऊ अंगावर पिणारा होता, तो जाणारच होता. माझं काय करायचं ह्यावर दोन दिवस घरात चर्चा चालली. ती आत्यानं एका वाक्यात संपवली. "पोरगी शाळंत चांगली हाय. तिला कावून न्यायची उसाच्या फडात? ऱ्हाऊ द्या माझ्यापशी."

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिला नवऱ्यानं सोडलेलं होतं आणि मूलबाळ नव्हतं. आमच्याच घराच्या एका खोलीत ती राहायची आणि गावच्या दूध सोसायटीत कॅन धुवायची. तिचा हात जड आणि जीभ त्याहून तिखट. सोसायटीत दुधात पाणी घालून आणणाऱ्या बाप्यांना ती सेक्रेटरीच्या आधी ओळखायची आणि चारचौघांत म्हणायची, "टँकरचं हाय का हिरीचं?" त्या वर्षी दूध एवढं कमी झालं की दोन कॅनही धड भरत नव्हते, पण आत्याच्या बोलण्यात काही उणं पडलं नाही. मी तिला भीत होते. तिच्यापाशी राहायचं म्हणजे मला शिक्षाच वाटली.

दसऱ्यानंतर मारुतीच्या देवळापुढं ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्या लावलेला. त्यात गाठोडी, भांडी, खोप्यांसाठी चटया आणि बांबू, कोंबड्या, एक शेळी, आणि वर माणसं. निघणाऱ्यांच्या हातावर बायका दही घालत होत्या. आत्यानं सोसायटीतून आणलेल्या वाटीभर दुधाचं विरजण लावलं होतं, त्यातलं चमचाभर आईच्या हातावर घातलं. आई मला म्हणाली, "आत्याचं आयकायचं. शाळा बुडवू नगंस." मग वर चढली, भावाला मांडीवर घेतलं, आणि ट्रॅक्टर सुरू झाला.

तो ओढ्याच्या वळणापाशी पोचला असेल, तेव्हा मला ओट्यावर भावाचं टोपडं दिसलं. आई घाईत विसरली होती. मी ते उचललं आणि पळत सुटले. "मायऽ! माय, थांब! टोपडंऽ!" चार-पाच वेळा ओरडले. ट्रॅक्टरच्या आवाजात कुणालाच ऐकू गेलं नाही. धुरळा उडाला आणि वळण मोकळं झालं.

शेजारच्या काकूंनी माझा दंड धरला. "अगं, निघाल्याल्या माणसाला मागून हाक मारत्यात व्हय? एवढी मोठी घोडी झालीस! आता काय व्हायचं असंल ते हुईल."

ह्या काकू वाईट नव्हत्या. त्यांचा थोरला मुलगा आणि सूनही त्याच ट्रॉलीत होते, काकूंचा जीव त्या दोघांपाशी. आमच्याकडे हे सगळेच मानतात. वाटेला लागलेल्याला कुठं निघालास विचारायचं नाही, मागून हाक मारायची नाही. चुकून मारलीच, तर त्यानं माघारी यायचं, उंबऱ्यावर घडीभर टेकायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि नव्यानं निघायचं. मग दोष जातो. पण ट्रॅक्टर थोडाच माघारी येतो? मी टोपडं घेऊन घरी आले आणि कुणाला काही बोलले नाही.

दीडेक महिन्यानं ऊसतोडीच्या टोळीतला एक माणूस ताप येऊन गावी परतला. सोसायटीच्या ओट्यावर तो आत्याला सांगत होता आणि मी कॅनचं झाकण हातात घेऊन बाजूला उभी होते. "वैनीच्या डाव्या हाताला कोयता लागलाय. दोन बोटं. टाकं घातल्यात. जिवाला धोका न्हाई म्हनला डाक्टर." आत्यानं माझ्याकडं बघितलं. मी झाकण खाली ठेवलं आणि शाळेत गेले. त्या दिवशी पाढे होते.

आता जे सांगते ते बाहेरून बघणाऱ्याला फार काही वाटणार नाही. मी मुकी झाले नाही. भूक लागली, दप्तर कुठंय, एवढं मी बोलायचे. पण मी कुणाला हाक मारणं बंद केलं. मैत्रीण समोरून गेली तरी तिला थांबवायचे नाही, जाऊन तिच्या अंगाला हात लावायचे. आवाज मोठा करायची वेळ आली की मी तिथून निघूनच जायचे. माझ्या हाकेनं आईच्या बोटांवर कोयता बसला, ह्यात मला तिळमात्र शंका नव्हती. वयच असं असतं की सगळं जग आपल्यामुळं चालतं असं वाटतं, आणि बिघडतंही आपल्यामुळंच.

शाळा सुटली की मी आमच्या ओट्यावर खेळ मांडायचे. फुटकं सूप म्हणजे ट्रॅक्टर. त्यात वडील, आई आणि भाऊ, तिघं बिननाकाचे. सोसायटीतल्या बाटल्यांची फुटकी बुचं त्यांची भांडी. चौथी बाहुली मी. ती मी भावाच्या टोपड्याच्या कापडाची केली होती. टोपडं तसंही राहिलंच होतं. सगळ्यांच्या हातावर मी दही घालायचे, सूप ओढत ओट्याच्या त्या टोकाला न्यायचे, आणि ती चौथी बाहुली खांबाला टेकून गप उभी असायची. तिनं ओरडू नये म्हणून मी तिच्या तोंडावरून चिंधीची पट्टी घेऊन मागं गाठ मारली होती. घट्ट, दुहेरी गाठ. मग सूप त्या टोकाला पोचायचं, खोपी उभी राहायची, आई ऊस तोडायची आणि तिला काहीही व्हायचं नाही. मग मी सूप उचलून आणायचे आणि पुन्हा पहिल्यापासून. दिवसातून चार-पाच वेळा मी आईला सुखरूप पोचवत होते.

खोटं कशाला बोलू, ह्या खेळानं मला बरं वाटायचं. खरा ट्रॅक्टर गेला तो गेला. हा मात्र माझ्या हातात होता. पण बरं वाटायचं ते सूप त्या टोकाला पोचेपर्यंतच. म्हणून तर पुन्हा पुन्हा मांडायला लागायचा.

शेवटी प्रकरण शाळेतून बाहेर आलं. गुरुजी हजेरी घेताना ज्यानं त्यानं "हजर" म्हणायचं, खणखणीत. ती एक प्रकारची हाकच की. माझं नाव आलं की मी ओठ हलवायचे आणि आवाज निघायचा नाही. गुरुजी शिस्तीचे. आवाज आला नाही तर गैरहजर, समोर बसलेली का असेना. एक दिवस ते स्वतः आत्याकडे आले आणि म्हणाले, "बाई, तुमची मुलगी रोज शाळेत येते आणि महिनाभर गैरहजर आहे." आत्याला आधी हे कळेचना. कळलं तेव्हा तिनं मला एक ठेवून दिली. शाळेसाठी तिनं मला ठेवून घेतलं होतं, शाळेतून नाव गेलं तर माझ्या वडिलांना काय तोंड दाखवणार? दुसऱ्या दिवशी ती मला मारुतीच्या देवळात घेऊन गेली आणि पुजाऱ्याकडून गळ्यात काळा दोरा बांधून आणला. दोऱ्यानं मान खाजली, बाकी काही झालं नाही.

मग तो रविवार. दुपारची वेळ, आत्या कॅन धुऊन आली होती. मी ओट्यावर सूप ओढत होते. ती दारात टेकून पदरानं हात पुसत बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, आता कामाला लावणार. पण ती येऊन खाली बसली. तिचे गुडघे वाजले.

"हे कोन कोन?" तिनं विचारलं.

मी एकेक दाखवलं. दादा, म्हणजे माझे वडील. माय. बाळ.

"आन् ही?"

"मी."

"तोंड कावून बांधलंय हिचं?"

मी सूप पुढं ओढायला लागले. दुसरं कुणी असतं तर खोदून खोदून विचारलं असतं, आणि आत्याचा स्वभाव बघता तिनं तर दटावूनच विचारायला हवं होतं. पण तिनं ती बाहुली उचलली, तिचं तोंड आपल्या कानाला लावलं आणि कपाळाला आठ्या घालून ऐकत बसली. सोसायटीत एखादा गवळी गयावया करायला लागला की ती अशीच ऐकायची. मग मला म्हणाली, "काय म्हणती कळंना बाई. तोंड बांधल्यालं हाय. तूच सांग हिच्या वतीनं."

हिच्या वतीनं म्हटल्यावर मला सांगता आलं. मला स्वतःच्या वतीनं ते जन्मात सांगता आलं नसतं. मी म्हणाले, "तिनं हाक मारली."

"कुणाला?"

"मायला. मागून. टोपडं ऱ्हायलं होतं."

"बरं मग?"

"मग कोयता लागला."

आत्यानं बाहुली कानापासून काढून मांडीवर ठेवली. आज मला वाटतं, इथं ती चुकली असती तर मी कायमची अडकले असते. "असं काई नसतंय, येडी हायेस का" असं ती म्हणू शकली असती. शहाणी माणसं तेच म्हणतात. पण आत्या स्वतः मांजर आडवं गेलं की चार पावलं मागं येणारी. हे काही नसतं असं ती म्हणाली असती तर ती खोटं बोलते हे मला लगेच कळलं असतं.

ती म्हणाली, "मग दोष काढायचा ऱ्हायलाच की. तू नुसतंच तोंड बांधून बसलीस. असा जातो का दोष?"

ती उठून आत गेली आणि फुलपात्र भरून पाणी घेऊन आली. खरं पाणी, टँकरचं, रांजणातलं. ज्या पाण्याचा एक थेंब सांडला तर माझ्या पाठीत धपाटा बसायचा, ते. बाहुल्यांना मी नेहमी खोटं-खोटं पाणी द्यायचे, खऱ्याचा विचारही मनात आला नव्हता.

"आदी हिचं तोंड सोड," आत्या म्हणाली. "म्या न्हाई सोडायची. तूच बांधलंय."

गाठ दुहेरी होती आणि ओढून ओढून घट्ट झालेली. मी दातांनी सोडली.

"हां. आता हाक मार."

"नगं."

"मार गं. म्या हाय ना डायवर. हाक आली की थांबवते." आणि तिनं सुपाच्या कडा दोन्ही हातांनी धरल्या, तोंडानं घुर्रर्र आवाज काढला आणि ते ओढायला लागली. माझी आत्या, जिला अख्खं गाव टरकून असायचं, ती ओट्यावर गुडघ्यांवर रांगत ट्रॅक्टर चालवत होती.

"माय," मी म्हणाले.

"आयकू न्हाई आलं! ट्रॅक्टरचा आवाज लई हाय."

"माय."

"घुर्रर्र! काय म्हनलीस?"

"मायऽऽ!" मी ओरडले. एवढ्या जोरात की शेजारच्या काकू दारात आल्या. आत्यानं त्यांच्याकडं न बघताच हात हलवून त्यांना आत जायला सांगितलं.

"डायवर थांबला," ती म्हणाली. तिनं सूप माघारी वळवलं, आई-बाहुलीला अलगद उचललं आणि खऱ्या उंबऱ्यावर बसवलं. एका बुचात पाणी ओतलं. "बस घडीभर. लेकरानं हाक मारली. पानी पी." आणि ते बूच बाहुलीच्या त्या दोन टाक्यांच्या तोंडाला लावलं. चिंध्यांनी पाणी ओढून घेतलं. मग वडिलांना. मग बाळाला. तिघांची पुढची बाजू ओली झाली आणि काजळाचे डोळे गालावर उतरले. चौथं बूच तिनं माझ्या हातात दिलं. "हे तुझं." ते मी प्याले.

"आता निगा," आत्या सुपाला म्हणाली, आणि सूप ओट्याच्या त्या टोकाला गेलं.

मी विचारलं, "आता मायची बोटं नीट व्हतील?"

"ते मला ठावं न्हाई," ती म्हणाली. "पर ती तुझ्यापाई कापली न्हाईत. आन् दोष म्हणशील, तर तो बी ऱ्हायला न्हाई आता."

मग मी रडले. टोळीतल्या माणसानं सांगितलं तेव्हा रडले नव्हते, ते सगळं तेव्हा रडले. आत्यानं मला जवळ घेतलं वगैरे नाही, तिला तसलं यायचं नाही. ती त्या ओल्या बाहुल्या उन्हात वाळत घालत बसली, पापड घालतात तशा, आणि मध्येच म्हणाली, "म्या कदी खेळले न्हाई ह्ये. खेळायच्या वयात लगीन लावलं माझं. नीट खेळले का गं?"

मी मान हलवली. सोमवारी हजेरीला मी "हजर" म्हणाले ते इतक्या जोरात की गुरुजींच्या हातातला टाक वहीवर ओरखडला. पोरं हसली. गुरुजी म्हणाले, "एवढं नको. पण चालेल."

बाहुल्यांनी माझ्यावर सगळे चांगलेच संस्कार केले असं मी म्हणणार नाही. दुसऱ्यांना उभं कर, बसव, तू असं म्हण, तू तसं म्हण, हा माझा जो हुकूमशाही स्वभाव आहे तो त्या ओट्यावरचाच. माझा नवरा म्हणायचा, ही मला चिंध्यांचाच समजते. जेवताना बाळ-बाहुल्याला मी सगळ्यात मोठं बूच द्यायचे आणि माझ्या बाहुलीला सर्वांत फुटकं. ते कुणी शिकवलं नव्हतं, घरात बघून आपोआप उतरलं होतं. पुढं मला मुलगी झाली तेव्हा ती सवय मोडायला मला कष्ट पडले. पण एक गोष्ट त्या खेळानं मला दिली ती दुसऱ्या कशानं मिळाली नसती. जे मनात धरून बसलं की जीव गुदमरतो, ते हातभर अंतरावर, ओट्यावर मांडून ठेवता येतं. मग ते आपल्याला दिसतं, आणि नशीब असेल तर दुसऱ्यालाही दिसतं. मला नशीब होतं. त्याबद्दल मी किती जणांची ऋणी आहे ते कधीकधी मोजते: बैल, शिंपी चाचा, गुरुजी, आणि दाराला टेकून बघत राहिलेली ती बाई.

अंगणवाडीत मी बाहुल्यांच्या कोपऱ्यात कधी लुडबुड केली नाही. वरून बघायला येणाऱ्या मॅडम म्हणायच्या, पोरांना काहीतरी शिकवा, नुसतीच खेळतायत. मी हो म्हणायचे आणि त्या गेल्या की पुन्हा ओट्यावर बसून नुसती बघायचे. एक मुलगी महिनाभर एकाच बाहुलीला भिंतीकडं तोंड करून बसवायची. एक दिवस मी जवळ बसून त्या बाहुलीला विचारलं, जेवलीस का गं? ती मुलगी म्हणाली, "तिला जेवायला न्हाई द्यायचं, ती रातचं अंथरूण ओलं करती." मी त्याच संध्याकाळी तिच्या घरी गेले. एवढंच माझं मानसशास्त्र, आणि ते सगळं आत्याकडून उचललेलं.

उन्हाळ्याच्या तोंडाला कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, आणि टोळ्या परत आल्या. आई ट्रॉलीतून उतरली ती वाळून काडी झालेली. डाव्या हाताची दोन बोटं आत वळलेली, सरळ होत नव्हती. मी दारामागं उभी राहिले. दोष गेला हे मला माहीत होतं, तरी त्या बोटांकडं बघवेना. आई आणि आत्या चुलीपाशी बराच वेळ बोलल्या. आत्यानं तिला काय आणि किती सांगितलं मला माहीत नाही. मग आईनं मला वेणी घालायला बसवलं. ती वाकडी बोटं केसांतून फिरत होती, पूर्वीपेक्षा जरा जास्तच ओढत.

"फडात पहाटं लई गार असतंय," ती म्हणाली. "हात बधिर झालता, कोयता निसटला. तुझं काय त्यात?"

मी विचारलं, "तुला हाक आयकू आल्ती का?"

"न्हाई गं बाई," आई म्हणाली. "आली असती तर उडीच मारली असती खाली."

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला, पण विहीर भरण्याइतका नाही, आणि एकदा कोयता झालेलं घर सहजासहजी सुटत नाही. दसऱ्यानंतर ट्रॅक्टर पुन्हा देवळापुढं उभा राहिला. मी चौथीत गेले होते, वर्गात पहिली आले होते, आणि राहणार होते आत्यापाशीच, तेही माझ्या मर्जीनं. सगळं शहाणपण आलं होतं. पण दही हातावर पडलं, आई वर चढली, इंजिन धडधडलं आणि माझे ओठ आपोआप घट्ट मिटले. ओट्यावरचा खेळ वेगळा आणि समोर हा खराखुरा ट्रॅक्टर वेगळा. मी आत्याचा पदर मुठीत धरला. मला एवढंच कळत होतं की तोंड उघडायचं नाही, काही झालं तरी नाही.

ट्रॅक्टर हलला. आणि ट्रॉलीत आई उभी राहिली. चालत्या ट्रॉलीत कुणी उभं राहत नाही. वडील तिचं लुगडं धरून तिला खाली ओढत होते. तिनं एका हातानं फळी धरली, तो वाकड्या बोटांचा हात तोंडापाशी नेला आणि माझं नाव घेऊन जोरानं हाक मारली.

जाणाऱ्यानं मागच्याला हाक मारू नये असं कोणत्याही शास्त्रात नाही. त्याला काही दोष नाही. हाक मारायचं काम तिनं आपल्याकडं घेतलं होतं. मला फक्त ओ द्यायचा होता.

"ओऽ!" मी म्हणाले.

तिनं पुन्हा हाक मारली. मी पुन्हा ओ दिला. ट्रॉलीतल्या बायका हसायला लागल्या, शेजारच्या काकू डोळे पुसत मला म्हणाल्या, "दे गं, दे, मोठ्यानं दे." ओढ्यापाशी पोचेपर्यंत ती हाक मारत होती आणि मी ओ देत होते. ट्रॅक्टर वळणाआड गेला, आई दिसेनाशी झाली, तरी नुसता आवाज येत होता. शेवटी तो आवाज आहे की माझ्या कानाचा भास, हे कळेनासं झालं. शेवटची हाक तिनं मारली होती की नाही, मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही. ओ मात्र मी दिला.